लिंक्डइन : वही उत्तम, चावडी सुमार

नोकरी बदलायची म्हटली की आपल्याकडे अजूनही पहिला फोन एखाद्या काकांना, जुन्या साहेबांना किंवा सोबत शिकलेल्या मित्राला जातो, आणि त्यात गैर काहीच नाही. अडचण एवढीच असते की, ज्यांच्याशी आपले रोजचे बोलणे आहे त्यांच्या कानावर बहुतेक वेळा त्याच बातम्या येतात ज्या आपल्यालाही ठाऊक असतात. लिंक्डइन ही सेवा नेमक्या याच अडचणीवर उभी राहिलेली आहे. चाकणमधील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात भरतीचे काम करताना मी ती रोज वापरतो आणि स्वतःची नोकरी शोधतानाही वापरली आहे. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी ती कशी दिसते याची मला बऱ्यापैकी कल्पना आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. ओळखींची वही म्हणून ही सेवा उत्तम आहे, गप्पांची चावडी म्हणून ती सुमार आहे, आणि तिच्यात पैसे मोजून मिळणाऱ्या ज्या गोष्टी आहेत त्यांची गरज सर्वसाधारण नोकरदाराला क्वचितच पडते.

रीड हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 च्या अखेरीस या कामाला सुरुवात केली आणि 5 मे 2003 रोजी ही सेवा लोकांसाठी खुली झाली. पहिल्या महिन्याअखेर सभासद होते जेमतेम साडेचार हजार. 2011 मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले, 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने ती 26.2 अब्ज डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले, आणि 2023 मध्ये सभासदसंख्येने शंभर कोटींचा आकडा ओलांडला. अमेरिकेखालोखाल सर्वाधिक सभासद भारतात आहेत आणि त्यांची संख्या दहा कोटींहून अधिक आहे. हे आकडे भारदस्त असले तरी वापरणाऱ्याच्या दृष्टीने त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे या कंपनीला पैसे कोण देते. जाहिरातदार आणि सशुल्क सभासद यांच्याकडून उत्पन्न येतेच, पण मोठा वाटा माणसे शोधणाऱ्या कंपन्यांकडून, म्हणजे माझ्यासारख्यांच्या मालकांकडून येतो. आम्हाला लागणारा माणूस लवकर सापडावा अशा बेताने या सेवेची रचना झाली आहे. तिथे आपले खाते उघडणाऱ्याने हे ध्यानात ठेवले, तर कुठे काय भरावे आणि कुठे वेळ घालवू नये हे आपोआप उलगडत जाते.

दूरच्या ओळखी नोकरीसाठी जास्त उपयोगी पडतात हा विचार लिंक्डइनच्या बराच आधीचा आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेतील न्यूटन या गावात नोकरी बदललेल्या लोकांची पाहणी केली होती आणि 1973 मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम 17 टक्के लोकांची त्या ओळखीच्या माणसाशी वरचेवर गाठ पडत होती. जवळपास 56 टक्क्यांची अधूनमधून, तर 28 टक्क्यांची क्वचितच. हीच गोष्ट 2022 मध्ये फार मोठ्या प्रमाणावर तपासली गेली. ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ या सदरात लिंक्डइन जी नावे सुचवते, त्यांत पाच वर्षे फेरफार करून सुमारे दोन कोटी सभासदांवर प्रयोग झाले आणि त्यांचे निष्कर्ष ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. आपल्यावर असा प्रयोग चालू आहे हे त्या सभासदांना कुणी सांगितले नव्हते, आणि त्यावरून टीकाही झाली. ती मला रास्त वाटते. निष्कर्ष मात्र कामाचा आहे. सर्वांत उपयोगी ओळखी मध्यम दूरच्या निघाल्या, म्हणजे ज्यांच्याशी आपले काही सामाईक परिचित असतात पण रोजचे बोलणे नसते अशा. अगदी घट्ट आणि अगदीच नावापुरत्या, अशा दोन्ही टोकांच्या ओळखींचा नोकरी बदलण्यासाठी तितका उपयोग झाला नाही.

त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला चाकणमध्ये बसून तंतोतंत पटते. ज्या उद्योगांत संगणकाधारित काम जास्त आहे तिथे दूरच्या ओळखी अधिक चालल्या, आणि जिथे ते कमी आहे तिथे जवळच्या. हिंजवडीतल्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत अनोळखी माणसाच्या रेफरलवर मुलाखत लागते, हे मी पाहिले आहे. आमच्या प्रेस शॉपच्या मॅनेजरला मात्र नव्या शिफ्ट इन्चार्जबद्दल विचारायचे असेल, तर तो आजही भोसरीच्या आपल्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावतो आणि ‘माणूस कसा आहे, रात्रपाळीला टिकतो का?’ एवढेच विचारतो. आपण कोणत्या क्षेत्रात आहोत त्यावर लिंक्डइनकडून किती अपेक्षा ठेवावी हे ठरते, आणि ही सेवा विकणारी मंडळी हे सहसा सांगत नाहीत.

या सेवेतील सर्वांत मोलाची सोय कोणती असे मला कुणी विचारले, तर मी महाविद्यालयाच्या पानावरच्या माजी विद्यार्थ्यांच्या विभागाकडे बोट दाखवीन. ती मोफत आहे, आणि तरीही नोकरीच्या शोधात असलेली निम्मी मुले तिथे कधी फिरकलेलीच नसतात असा माझा अनुभव आहे. सांगलीचे वालचंद, मुंबईचे व्हीजेटीआय, पुण्याचे सीओईपी, कोणतेही महाविद्यालय घ्या. त्याच्या पानावर जाऊन हा विभाग उघडला की तिथून बाहेर पडलेली माणसे कुठे राहतात, कोणत्या कंपनीत आहेत, काय काम करतात आणि काय शिकली होती, याचे आडवे पट्टे समोर येतात. एका पट्ट्यावर क्लिक केले की बाकीचे पट्टे त्यानुसार बदलतात. माझ्या भाचीला क्वालिटी विभागातून सप्लायर क्वालिटीकडे, म्हणजे पुरवठादारांकडून येणाऱ्या मालाचा दर्जा सांभाळण्याच्या कामाकडे, वळायचे होते. तिने वालचंदच्या पानावर आधी पुणे निवडले, मग क्वालिटीचे काम निवडले, आणि मग शिकण्याच्या वर्षांच्या चौकटीत आपल्या आधीची दहा-बारा वर्षे घातली. हजारोंच्या यादीतून मोजकी माणसे उरली, आणि त्यांतल्या काहींच्या नावाखाली तिचेच दोन-तीन परिचित सामाईक म्हणून दिसत होते. मध्यम दूरची ओळख ती हीच.

पुढचा प्रश्न संदेश काय पाठवायचा हा असतो, आणि मराठी माणूस इथे हमखास अडखळतो, कारण ओळख ना पाळख, एकदम काही मागायचे कसे, हा संकोच आपल्या हाडीमासी रुजलेला आहे. मोफत खात्यावरून जोडणीची विनंती पाठवताना सोबत दोनशे अक्षरांचाच मजकूर लिहिता येतो आणि अशा मजकुरासह महिन्याला मोजक्याच विनंत्या जातात, त्यामुळे प्रस्तावनेला जागा नसते. माझ्या भाचीने लिहिले होते ते असे: ‘नमस्कार मॅडम. मी वालचंदची, मेकॅनिकल, 2021. चाकणला क्वालिटीत आहे. सप्लायर क्वालिटीकडे वळायचा विचार आहे. या कामाबद्दल पंधरा मिनिटे फोनवर बोलता येईल का?’ यात बायोडेटा नाही, ‘प्लीज रेफर मी’ नाही, आणि समोरच्याला ‘हो’ म्हणायला फार विचार करावा लागत नाही. त्या बाईंनी रविवारी सकाळी फोन केला, पंधरा मिनिटांऐवजी बराच वेळ बोलल्या आणि ऑडिटसाठी पुरवठादारांकडे महिन्यातले किती दिवस फिरावे लागते हे आधी समजून घे, असे बजावले. जाहिरातीत हे कुणी लिहीत नाही. नोकरी त्या फोनने लागली नाही. पण कोणत्या तीन कंपन्यांकडे अर्ज करायचा नाही हे तिला त्या दिवशी कळले, आणि माझ्या मते तो लाभही लहान नव्हता.

एक तांत्रिक खाच इथे सांगायला हवी. आपल्या प्रोफाइलमध्ये महाविद्यालयाचे नाव लिहिताना खाली येणाऱ्या यादीतून ते निवडले नाही आणि नुसते टाइप करून सोडून दिले, तर आपण त्या पानाशी जोडले जात नाही आणि माजी विद्यार्थ्यांच्या यादीत दिसतही नाही. ज्या संस्थांची नावे मधल्या काळात बदलली आहेत त्यांच्याबाबत तर हे आवर्जून तपासावे. कंपनीच्या नावालाही हाच नियम लागू आहे.

आता टेबलाच्या माझ्या बाजूने. आम्ही माणूस शोधतो तेव्हा कुणाचीही प्रोफाइल पहिल्या ओळीपासून वाचत नाही. शोधाच्या चौकटीत शब्द घालतो, ठिकाण निवडतो, अनुभवाची वर्षे निवडतो आणि जी यादी येते तिच्यावरून नजर फिरवतो. सप्लायर क्वालिटीच्या जागेसाठी मी ‘पीपीएपी’ (पुरवठादाराचा भाग मंजूर करण्याची पद्धत), ‘आयएटीएफ 16949’ (वाहन उद्योगाचे गुणवत्ता मानक), ‘कास्टिंग’ (ओतकाम) हे शब्द टाकतो. ज्याने ही सगळी कामे केली आहेत पण प्रोफाइलवर ‘सीनियर इंजिनियर’ एवढेच लिहून ठेवले आहे, तो माझ्या यादीत येतच नाही; त्याच्यापेक्षा कमी अनुभवाचा पण नेमके शब्द लिहिलेला माणूस वर दिसतो. हे न्याय्य आहे असे मी म्हणत नाही, परंतु ही व्यवस्था अशी चालते. नावाखालच्या हेडलाइनला 220 अक्षरांची जागा असते आणि तिथे ‘उत्साही, मेहनती, शिकण्याची तयारी’ असले लिहिण्यात ती वाया जाते, कारण ‘मेहनती’ हा शब्द टाकून मी आजवर कुणाला शोधलेले नाही. त्याऐवजी काम, उत्पादन आणि प्रणाली यांची नावे लिहावीत. स्वतःविषयीच्या मजकुराला 2,600 अक्षरे मिळतात. त्यात आपण केलेले एखादे काम आकड्यानिशी सांगितलेले असेल, जसे की कोणत्या भागाचे रिजेक्शन किती होते आणि किती खाली आले, तर मी थांबून वाचतो.

सहकाऱ्यांनी एका क्लिकवर दिलेल्या कौशल्यांच्या पावत्यांना मी काडीची किंमत देत नाही. चार ओळींची लेखी शिफारस असेल, आणि ती वरिष्ठाने किंवा ग्राहकाने लिहिलेली असेल, तर मात्र देतो.

नोकरी शोधत असल्याचे जाहीर करण्याचे दोन मार्ग आहेत. एकात फोटोभोवती हिरवी कड येते आणि ती सर्वांना दिसते. दुसऱ्यात ही माहिती फक्त रिक्रूटरना दिसते. हिरव्या कडेमुळे माणूस गरजू वाटतो आणि त्याची किंमत कमी होते असे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण ज्याची नोकरी गेलेली आहे त्याने ती लावण्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही, कारण तो लगेच रुजू होऊ शकतो हे आमच्यासाठी मोठे आकर्षण असते; नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडने आम्ही किती वैतागलेलो असतो याची उमेदवारांना कल्पना नसते. नोकरीत असलेल्याने दुसरा मार्ग घ्यावा, आणि तोही डोळे उघडे ठेवून. आपल्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून ही माहिती लपवण्याचा प्रयत्न केला जातो, पण पूर्ण गोपनीयतेची हमी देता येत नाही, असे लिंक्डइन स्वतःच सांगते. शिवाय बाहेरच्या कन्सल्टन्सीत बसलेला माणूस उद्या तुमच्याच एचआरशी बोलणार नाही याचा काय भरवसा? प्रोफाइलमध्ये मोठे बदल करण्यापूर्वी ते बदल सर्वांना कळवणारे बटण बंद करावे, नाहीतर अचानक झळाळून उठलेली तुमची प्रोफाइल पाहून साहेबांना जे समजायचे ते समजते.

सशुल्क योजनेबद्दल मला सर्वाधिक विचारले जाते. नोकरदारांसाठीच्या प्रीमियम योजनेत महिन्याला पाच इनमेल, म्हणजे ओळखीच्या नसलेल्यांना थेट पाठवता येणारे संदेश मिळतात. समोरच्याने नव्वद दिवसांत उत्तर दिले तर तो इनमेल परत जमा होतो, आणि न वापरलेले इनमेल पुढच्या महिन्यात जातात, पण साठा पंधराच्या वर वाढत नाही. प्रोफाइल कुणी पाहिली याची सविस्तर यादी मिळते आणि अभ्यासक्रमांचे दालन खुले होते. 2015 मध्ये दीड अब्ज डॉलर मोजून घेतलेल्या लिंडा या संकेतस्थळातून ते उभे राहिले आहे. अभ्यासक्रम बरे आहेत, पण अनेक कंपन्या आणि महाविद्यालये ते आपल्या लोकांना आधीच देत असतात, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी तेवढी चौकशी करावी. कुणी प्रोफाइल पाहिली ही यादी सुरुवातीला गंमत म्हणून बरी वाटते, नंतर तिचे व्यसन लागते आणि हाती फारसे काही लागत नाही. राहता राहिला इनमेल. पण मजकुरासह पाठवलेली साधी विनंती जे काम करते तेच बहुतेक वेळा इनमेलही करतो. इतर अर्जदारांच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात हे दाखवणारे तक्ते तर मला विशेष दिशाभूल करणारे वाटतात. ती तुलना कागदावर लिहिलेल्या गोष्टींची असते, आणि आम्ही निवड करताना घराचे अंतर, नोटीस पिरियड आणि पगाराची अपेक्षा यांचा विचार आधी करतो.

तरीही एक प्रसंग असा आहे की ज्यात मी प्रीमियम घ्यायला सांगतो. मोफत खात्यावर एका महिन्यात माणसांचे शोध फार घेतले की मर्यादा आड येते आणि ती पुढच्या महिन्याच्या 1 तारखेलाच उठते. शहर किंवा क्षेत्र बदलण्याचा निर्णय पक्का झालेला असेल आणि पन्नास-साठ माणसांची यादी करून नेटाने संपर्क साधायचा असेल, तर तेवढ्यापुरते पैसे भरणे सार्थकी लागते, मात्र ते शोधांची ही मर्यादा नसलेल्या बिझनेस योजनेसाठी. नव्या ग्राहकाला बहुधा पहिला महिना फुकट मिळतो, पण कार्डाचा तपशील आधीच घेतला जातो आणि मुदत संपली की पैसे आपोआप वळते होतात. म्हणून सुरुवात करतानाच रद्द करण्याची तारीख कॅलेंडरमध्ये लिहून ठेवावी.

फीडबद्दल, म्हणजे खाते उघडताच समोर येणाऱ्या इतरांच्या लिखाणाबद्दल, फार लिहिण्याजोगे नाही. तिथे जो तो कशाने ना कशाने भारावलेला असतो, राजीनामा देणाराही आणि बढती मिळालेलाही, आणि सकाळच्या चहात सापडलेले नेतृत्वाचे धडे वाचून माणूस थकतो. आपल्या क्षेत्रातील आठ-दहा जाणकार निवडावेत आणि तेवढेच वाचावेत. रोज काहीतरी लिहिल्याशिवाय करिअर पुढे जात नाही हा सल्ला, निदान कारखानदारीत, मला निराधार वाटतो. आमच्याकडे रुजू झालेल्यांपैकी कितीतरी जणांनी तिथे एक अक्षरही लिहिलेले नाही.

माहितीच्या सुरक्षिततेबाबत या कंपनीचा इतिहास निष्कलंक नाही. 2012 मध्ये सभासदांचे पासवर्ड चोरीला गेले. तेव्हा 65 लाखांचा आकडा पुढे आला होता. 2016 मध्ये तो सुमारे 11 कोटी 70 लाखांचा असल्याचे उघड झाले. सभासदांच्या पत्त्याच्या यादीतील लोकांना त्यांच्याच नावाने पुन्हा पुन्हा आमंत्रणे पाठवल्याबद्दलचा अमेरिकेतील दावा 2015 मध्ये 1 कोटी 30 लाख डॉलरवर मिटवावा लागला. ऑक्टोबर 2024 मध्ये आयर्लंडच्या माहिती संरक्षण आयोगाने जाहिरातींसाठी सभासदांच्या माहितीचा ज्या रीतीने वापर झाला त्याबद्दल 31 कोटी युरोंचा दंड ठोठावला. याचा व्यवहारी अर्थ एवढाच की, फोनमधील संपर्कयादी जोडण्याची परवानगी देऊ नये, पासवर्ड इतरत्र वापरलेला नसावा आणि जन्मतारीख, घरचा पत्ता असल्या गोष्टी प्रोफाइलवर असूच नयेत.

फसवणुकीच्या बाबतीत मात्र ही वही उलट उपयोगीही पडते. मध्यंतरी एक मुलगा आमच्या कारखान्याच्या गेटवर नेमणुकीचे पत्र घेऊन उभा होता. पत्रावर आमचे बोधचिन्ह होते, सही कुणा भलत्याच नावाची होती, आणि लॅपटॉपसाठी अनामत म्हणून त्याने पैसे भरलेले होते. त्याचा सगळा व्यवहार फोनवर झालेला होता. सही करणाऱ्याचे नाव त्याने आमच्या कंपनीच्या लिंक्डइन पानावरच्या कर्मचाऱ्यांत एकदा शोधले असते, तर असा माणूसच इथे नाही, ही शंका त्याला घरबसल्या आली असती. खोट्या प्रोफाइली लिंक्डइनवरही असतात, तेव्हा केवळ नाव सापडले म्हणून विश्वास टाकू नये. भारतात डिजिलॉकरच्या साहाय्याने ओळख पडताळून घेता येते आणि तशी खूण प्रोफाइलवर दिसते. ती असेल तर बरे, पण कंपनीच्या ईमेल पत्त्यावरून पत्रव्यवहार होतो आहे का हे पाहिल्याखेरीज पुढे जाऊ नये. पैसे मागितले की तिथेच थांबावे.

लिंक्डइनचे पडदे आता मराठीतही पाहता येतात, आणि भाषांतर चालण्यासारखे आहे. तरी मराठीत पडदा लावून नोकरी शोधणाऱ्याला समोर दिसतात त्या जाहिराती इंग्रजीतच, कारण त्या लिहिणारे आम्हीच इंग्रजीत लिहितो. हा दोष सेवेचा नसून आमचा आहे. मोबाइलवर आपल्या नावाचा उच्चार दहा सेकंदांत ध्वनिमुद्रित करून ठेवण्याची एक छोटी सोय आहे, ती परदेशी मुलाखती देणाऱ्यांनी जरूर वापरावी. आडनावात ‘ळ’ असलेल्यांना तिचे महत्त्व मी सांगायला नको.

आमच्या फिटरची, वेल्डरची, सीएनसी ऑपरेटरची भरती आजही आयटीआयच्या सूचनाफलकावरून, कंत्राटदाराकडून, गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून आणि गेटवर टांगलेल्या पाटीवरून होते, म्हणून त्यांना मी हे खाते उघडण्याचा आग्रह करत नाही. डिप्लोमा होऊन चार-पाच वर्षे झालेल्यांना मात्र करतो. टूल रूम, मेंटेनन्स आणि प्रॉडक्शन प्लॅनिंगच्या जागांसाठी आम्ही नावे शोधायला बसतो तेव्हा खेड, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यातली फार थोडी माणसे यादीत येतात, आणि जी येतात त्यांतल्या बहुतेकांना आम्ही त्याच आठवड्यात फोन करतो.